ठिगळावरची अक्षरं

सकाळची प्रार्थना आटोपून चहा घेऊन गेले, तर सूनबाई कॉम्प्युटरसमोर गालाला हात लावून बसलेली.

"काय गं, तोंड का उतरलंय?"

"आई, मी लिहिलेल्या प्रोग्रामात भोक सापडलंय. चोर सहज आत शिरेल असं. ते बुजवणारा पॅच तयार आहे, पण चूक माझी म्हटलं की बढती गेलीच. बाकीच्या पंधरा पॅचमध्ये हळूच सरकवू का?"

पॅच! मी कपाटातला बिस्किटांचा जुना डबा काढला. आत भोकं पाडलेल्या कागदी पट्टीची गुंडाळी होती.

"हे काय?"

"तुझ्या पॅचची आजी."

लग्नाआधी मी जिथे कामाला होते, तिथे कॉम्प्युटर कपाटाएवढा होता. त्याला सांगायचं ते अशा पट्टीवर भोकं पाडून सांगायचं. आम्ही आठ जणी, यंत्रांचा खडखडाट, डिंकाचा वास. भोकांतून उडालेले कागदाचे कण वेणीत अडकायचे. धाकटी बहीण चिडवायची, "ताई, कोंडा केवढा झालाय!" भोक चुकलं की तेवढ्यावर कागदाचं ठिगळ चिकटवायचं. तोच पॅच. पट्ट्या गेल्या, शब्द राहिला.

"आमच्यावरच्या मोठ्या बाईंचा नियम होता," मी म्हटलं, "ज्या हाताची चूक, त्याच हाताची पेन्सिलीने सही, ठिगळावर. एकदा मी नाही केली. नोकरीत कायम व्हायच्या यादीत नाव होतं ना. नेमकं तेच ठिगळ सुटलं, दिवसाचं काम वाया गेलं, आणि बोलणी खाल्ली शेजारच्या यंत्रावरच्या मैत्रिणीने."

"मग?"

"रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी बाईंना सांगितलं, ठिगळ पुन्हा चिकटवून सही केली. तेव्हापासून नेम आहे, संध्याकाळी दिवा लावायच्या आधी दिवसाची चूक कुणाला तरी सांगायची."

"म्हणून रोज 'आज दूध उतू जाऊ दिलं' सांगता? मला वाटायचं, मलाच टोमणा मारताय!"

दोघी हसलो. मग तिने विचारलं, "कायम झालात?"

"झाले की. सहा महिने उशिरा."

तिने पट्टी उजेडात धरली. पिवळ्या पडलेल्या ठिगळावर माझ्या सहीची दोन अक्षरं अजून वाचता येत होती. मग तिने खुर्ची पुढे ओढून साहेबांना लिहिलं: भोक माझ्या हातून पडलंय, पॅच सोबत जोडलाय. खाली पूर्ण नाव. पाठवलंसुद्धा.

"आता बढती?" मी विचारलं.

"होईल. सहा महिने उशिरा." तिने गार झालेला चहा जवळ ओढला.

पट्टी गुंडाळताना दोन बारीक कागदी कण तिच्या की-बोर्डवर पडले. मी झटकायला गेले, तर म्हणाली, "राहू द्या, आई."