मिनिटाला अकरा श्वास

“सिस्टर, अफूची सुई घेतली तर माणूस किती दिवसांत गर्दुल्ला होते?”

हा प्रश्न माझा नव्हता. वक्तृत्वात पहिली आल्यापासून कांता लय बोलते, असं माझ्या मैत्रिणी कनीज आणि मंगली म्हणत होत्या, आणि हिंमत असेल तर हे दवाखान्यात सगळ्यांसमोर विचारून दाखव, अशी त्यांनी पैज लावली होती. मी विचारलं. बारा खाटांवरच्या माना वळल्या. मायने पदर तोंडावर घेतला. बाबा मात्र भिंतीकडेच बघत राहिले, कारण पैज आमची असली तरी ती भीती त्यांची होती.

दोन दिवसांपूर्वी खाणीत वरचा कोळसा बाबांच्या छातीवर आला. चार बरगड्या मोडल्या. आमच्या माजरीहून त्यांना चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी मॉर्फिनची सुई लिहून दिली आणि शेजारच्या खाटेवरच्या पत्रूकाकाने सांगितलं की ती अफूपासूनच बनते. झालं. बाबांनी हात आखडून घेतला.

आमचे बाबा म्हणजे सोमाजी. आमच्या वस्तीत दर रविवारी विहारात वंदना तेच घेतात. छप्पन साली आजोबांनी चांद्याला दीक्षा घेतली आणि घरी येऊन मोहाच्या दारूचं मडकं नाल्यात ओतलं, ही गोष्ट आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. बाबांनी स्वतः वस्तीतल्या दारूच्या अड्ड्यासमोर सतरा दिवस बसून तो बंद पाडला होता. पाचवं शील आलं, नशेपासून दूर राहण्याचं, की त्यांचा आवाज आपोआप चढतो. असा माणूस अफू कशी घेणार? म्हणून कोणीही विचारलं की त्यांचं एकच उत्तर, “मले काई दुखत नाई.” सारा वॉर्ड त्यांचं कौतुक करत होता. मीही शाळेत छाती फुगवून सांगून आले होते.

सुलताना सिस्टर हसल्या नाहीत. त्या रोज सकाळच्या गाडीने बल्लारपूरहून यायच्या आणि त्यांच्या छातीवर उलटं घड्याळ टाचलेलं असायचं. त्यांनी मला बाबांच्या खाटेपाशी उभं केलं आणि म्हणाल्या, छाती किती वेळा वर येते ते मिनिटभर मोज. मी मोजलं. चौतीस. मग त्यांनी स्वतःचे श्वास मोजायला लावले. सोळा.

मग बाबांच्या छातीशी उशी धरून त्यांना खोकायला सांगितलं. बाबांनी जीव एकवटला. आवाज आला तो मांजरीच्या पिल्लाइतका, आणि कपाळावर घाम मात्र डबडबून आला.

“सोमाजीभाऊ,” सिस्टर म्हणाल्या, “तुम्ही दुखणं सहन करून राह्यले, पण तुमची छाती नाई करून राह्यली. खोकला निघाला नाई तर आत न्यूमोनिया होते. मंग काय कराल?”

माझ्या प्रश्नाचं उत्तरही त्यांनी दिलं, काही लपवलं नाही. धोका आहे, म्हणाल्या. जास्त झाली तर झोप चढते, श्वास मंदावतो, थांबूही शकतो. म्हणूनच ती कुपी दोन कुलपांच्या कपाटात असते आणि तिचा उतारा ट्रेमध्ये तयार असतो. महिनोन्महिने घेतली तर शरीराला तिची सवय लागते. काही माणसं तर तिच्यात कायमची अडकतात. त्यांनी एक असा माणूस स्वतः पाहिला होता. पण मोडलेल्या बरगड्यांना चार-पाच दिवस, मोजून, रोज थोडी कमी करत दिली तर ती भीती लहान आहे, आणि छातीत कफ साचण्याची भीती मोठी आहे.

बाबांनी विचारलं, “अन् मी बरळलो तर?”

“तर तुमची बक्षीसवाली पोरगी इथीच हाय. ती सांगन मले.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

मला वाटलं होतं औषध काळं असेल. ते पाण्यासारखं होतं, चमचाभरही नाही. मी मोजत बसले. चौतीस. अठ्ठावीस. बावीस. कपाळाच्या आठ्या एकेक करून सुटल्या. सिस्टरने पुन्हा उशी धरली आणि बाबा खोकले, पोटातून. भांड्यात काळा गोळा पडला. पाटीसारखा काळा, चमकणारा. मग आणखी एक. अठरा वर्षं बाबा रोज आंघोळ करून, गोरेगोमटे होऊन जेवायला बसायचे, आणि खाण त्यांच्या आत अशी बसली होती!

दुसऱ्या दिवशी दुपारी पुढच्या सुईची वेळ झाली तेव्हा मी मोजले ते अकरा. पुन्हा मोजले. अकराच. “बाबा” म्हटलं तर त्यांनी ओ दिली नाही. मी धावले. सिस्टरने स्वतः मोजलं, त्यांना हलवून उठवलं, नाव विचारलं, गाव विचारलं, आणि भरलेली सुई बाजूला ठेवून डॉक्टरांना बोलावलं. ती सुई टळली, पुढचीचं माप कमी झालं. काल ज्या हाताने न घाबरता औषध दिलं, त्याच हाताने आज न घाबरता ते अडवलं. काळ्या गोळ्यापेक्षा मी याच गोष्टीने जास्त थक्क झाले.

बाबा नीट जागे झाल्यावर मी त्यांना अकराची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “दारूवाल्यानं कधी गिऱ्हाइकाचा श्वास मोजला नाई, पोरी.”

पण शनिवार आला तशी त्यांना रविवारच्या वंदनेची काळजी लागली. वस्तीत काय म्हणतील? त्यांनी मायला हळूच सांगितलं की कोणी विचारलं तर साधी सुई दिली म्हण. मायने हो म्हटलं.

माझ्या वहीत चार दिवसांचे श्वास आलेख काढून लिहिलेले होते, चौतीसपासून अठरापर्यंत, मध्ये अकराचा खड्डा. मी ते पान फाडलं आणि खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिले, स्टेजवर उभी राहते तशी.

“बाबा, माय, ऐका. उद्या विहारात वंदना मी घेणार. पाचवं शील झालं की थांबणार, हा कागद सगळ्यांना दाखवणार, अन् सांगणार की आमच्या बाबांनी अफूची सुई घेतली, काऊन घेतली, अन् ती देताना कोण मोजून राह्यलं होतं. कनीजले अन् मंगलीलेही मी बोलावलं हाय.”