अक्षता नसलेली पत्रिका

सुलोचनाबाई रुसल्या होत्या, आणि रुसायला कारणही तसंच भक्कम होतं. चाळीस वर्षांची मैत्रीण शारदा. राजेंद्र नगरहून इथे सुदामा नगरला रिक्षाने यायचं, तर तिने नातवाच्या लग्नाची पत्रिका चक्क व्हॉट्सॲपवर पाठवली. ना हळदीकुंकू, ना अक्षता. "लग्नाला नक्की यावे, पत्रिका उघडून पाहावी," एवढं कोरडं वाक्य आणि खाली एक फाइल.

"उघडून तर बघ, जेवण कुठे आहे ते कळेल," हरीभाऊ म्हणाले. नवऱ्याचा जीव कायम पंगतीत अडकलेला.

"मी नाही उघडणार. स्वानंदला या मांडीवर खेळवलंय मी. शारदा घरी येऊन बोलावेल तरच जाईन. तुम्हीपण हात लावायचा नाही, सांगून ठेवते."

चार दिवस त्यांनी शारदाला ना फोन केला, ना निरोप धाडला. बाहेरून ताठा, आतून मात्र जीव कासावीस. शारदाशिवाय म्हातारपण कसं जायचं, या विचाराने सकाळचे पोहेसुद्धा गोड लागेनात.

पाचव्या दिवशी शारदाबाई दारात उभ्या. हात रिकामे, डोळे सुजलेले.

"सुलू, तू ती फाइल खोलली तर नाहीस ना?"

"कशाला खोलू? अशी पत्रिका पाठवतात का?"

"अगं, कुठली पत्रिका? स्वानंद तर शादीचं नावच घेत नाहीये."

शारदाबाई मटकन बसल्या आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांना अशीच पत्रिका लक्ष्मीकांतरावांच्या नंबरवरून आली होती. ओळखीचं नाव बघून त्यांनी ती उघडली आणि फोन विचारेल त्याला 'हो' म्हणत गेल्या. ती पत्रिका नव्हतीच, फोनचा ताबा घेणारं ॲप होतं. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असं लिहिलेलं, पण तिथपर्यंत वाचतं कोण? मग त्यांच्याच नावाने सगळ्यांना आमंत्रणं गेली. बँकेने खातं वेळीच रोखलं म्हणून काल उलगडा झाला. स्वानंदने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि फोन साफ करून आणला.

"म्हणजे माझा रुसवा कामी आला तर," सुलोचनाबाई खुशीत म्हणाल्या.

"तुझ्या कामी आला, माझ्या नाही," शारदाबाई म्हणाल्या. "तू त्याच दिवशी भांडायला फोन केला असतास, तर मला तेव्हाच पता लागला असता. बाकीचे लोक तरी वाचले असते."

हे मात्र वर्मी लागलं. सुलोचनाबाईंना स्वतःची लाज वाटली. त्यांनी चहा टाकला आणि ज्यांना आमंत्रणं गेली होती त्यांची यादी घेऊन दोघी बसल्या. एकेकाला फोन सुरू झाले: ती फाइल उघडू नका, उघडली असेल तर आधी इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पाच जणांनी उघडली होती. रमा, यामिनी आणि चिंतामणराव मात्र सुलोचनाबाईंसारखेच फुगून बसले होते, म्हणून सहीसलामत होते. लग्नच नाही हे ऐकून चिंतामणराव जरा हिरमुसले. त्यांनी माफ करून टाकायचं ठरवलं होतं, सूटही इस्त्रीला दिला होता. शारदाबाई हसता हसता रडल्या.

निघताना सुलोचनाबाईंनी त्यांना कुंकू लावलं. "स्वानंदचं खरंच जमलं, तर घरी येशील ना?"

"अक्षता घेऊन येईन. आणि नाही आले तर?"

"तर त्याच दिवशी फोन करीन," सुलोचनाबाई म्हणाल्या, "आणि पोटभर भांडीन."