बरण्यांवरचा फेस

बिंदुमाधवाला कमलाक्काचा राग होता, आणि तो लपवावा असं त्याला कधी वाटलं नाही. बंगळूरच्या कडेला व्हाइटफील्डची वडिलांची द्राक्षबाग दहा वर्षं ओसाड होती. घाणेरीच्या जाळीत वेली शोधाव्या लागत. आता आजूबाजूला काचेची ऑफिसं उठत होती, जमीन घ्यायला माणसं दारात उभी होती, आणि बँकेतून निवृत्त झालेल्या या थोरल्या बहिणीला तिथे वाइन करायची होती. तीही नुसत्या द्राक्षांची; साखर, औषध, यीस्ट काही न घालता. जयनगरच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नव्हता, आणि हिचं हे खूळ.

दोघांच्या सहीशिवाय जमीन हलणार नव्हती. शेवटी कृष्णाजीमामांनी तोडगा काढला. गुढीपाडव्याला वाइन झालेली असली तर बिंदूने आपला हक्क सोडायचा. रस नासला तर अक्काने विक्रीवर सही करायची. चाखणार मुनियप्पा. हा वडिलांचा माळी, त्याआधी एका अँग्लो-इंडियन साहेबाकडे वाइनच्या कामाला होता.

मुनियप्पा दोन वर्षं अक्काच्या मागे लागला होता, की ही म्हातारी खोडं जमिनीलगत कापा. तिचा हात धजेना. खोडं वडिलांनी, अप्पांनी स्वतः लावलेली. तिने वरवर छाटणी केली, आणि माघात जेमतेम पाच बरण्या भरतील एवढी काळी द्राक्षं उतरली. बरण्या आईच्या, लोणच्याच्या. त्या घरातून नेल्या म्हणून बिंदूने वेगळं भांडण काढलं ते निराळंच.

द्राक्षं चिरडल्याच्या चौथ्या दिवशी, अक्का बनशंकरीच्या देवळात गेलेली बघून तो बागेत गेला. पंपाच्या खोलीत बरण्यांवर फडकी बांधलेली होती. त्याने एक सोडलं. वर बोटभर फेस, आत बुडबुड, आणि नाकात जाणारा आंबूस वास.

आईच्या हाताखाली वाढलेला माणूस हा. लोणच्यावर फेस दिसला की बरणी परसात उपडी व्हायची, हे त्याला पाढ्यांसारखं पाठ होतं. वाइन होताना त्याने जन्मात पाहिली नव्हती. पाचही बरण्या बघून तो एकटाच हसला.

पाडव्यापर्यंत थांबण्याइतका दम कुठला असायला? दुसऱ्या दिवशी त्याने कुऱ्हाडवाले आणले आणि सगळ्या वेली जमिनीलगत तोडायला लावल्या. अक्का पोचली तेव्हा शेवटची ओळ चालली होती. ती रडली नाही. बरण्यांना हात लावलास का, एवढंच तिने विचारलं. नासलेल्याला कोण हात लावतो, असं तो म्हणाला. तिने खोलीला कुलूप घातलं आणि पुढे दीड महिना त्याच्याशी शब्द बोलली नाही. हरलेल्या माणसाला तोंड नसतं, असा त्याने अर्थ लावला.

पाडव्याला तो विक्रीचे कागद घेऊनच, ओळींकडे न बघता, पंपाच्या खोलीवर आला. अक्काने मामांच्या हातावर कडुनिंब-गूळ ठेवला, त्याच्या हातावर नाही. मग मुनियप्पाने पेला तोंडाला लावला, डोळे मिटले, आणि दुसरा मागितला. वाइनच आहे, साहेबाच्या घरची आठवण झाली, असं त्याने कानडीत सांगितलं.

"फेस होता," बिंदू म्हणाला. "मी डोळ्यांनी पाहिला, मामा."

"फेस आला नसता तर बिघडली असती," अक्का म्हणाली. "इथे सही कर."

मामांसमोर त्याने हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली. जीभ मात्र थांबली नाही.

"कर आता वाइन. वेली कुठून आणशील?"

तो पाय आपटत बाहेर पडला, आणि ओळींमध्ये थबकला. एकूण एक खुंटाला हिरवेगार फुटवे आले होते, हातभर, त्याच्या अंगठ्याएवढे जाड. दहा वर्षांत या बागेने असं बळ दाखवलं नव्हतं. मागून मुनियप्पा आला आणि अगदी साधेपणाने म्हणाला, "स्वल्प वर कापलं असतं तर एवढा जोर नव्हता, धनी. अक्कांना मी हेच सांगत होतो."

बिंदूच्या अंगाचा तिळपापड झाला. वाकून त्याने एक फुटवा मुठीत धरला.

"हात काढ," अक्का दारातून म्हणाली. "तुझं काम झालं."

त्याने मूठ सोडली. तो फाटकाबाहेर गेल्यावर तिने आतून कडी घातली.