भगवंतरावांचा नंबर

"अरे, कुठं हाय खरखर? दाखवा मले!" भगवंतराव माझ्यावरच ओरडले. जणू हैदराबादहून परत आलेला तो खोका मीच पाठवला होता!

मी शेजारचा शिंपी. त्यांच्या दुकानात काही बिनसलं की कात्री ठेवून उठायचं, ही माझी जुनी खोड. आदिलाबादच्या बसस्टँडमागे आमची दुकानं भिंतीला भिंत लावून आहेत. मी ब्लाउज शिवतो, ते जुन्या रेकॉर्डी घेतात. लहान, सात इंची, एका अंगाला एकच गाणं असलेल्या. पूर्वी लग्नाच्या मांडवात भोंग्यावर वाजायच्या त्या. आता शहरातल्या हौशी लोकांना त्यांचं वेड लागलंय. खेड्यापाड्यांतल्या मंडपवाल्यांच्या माळ्यांवरून भगवंतराव त्या उतरवून आणतात, वाजवून पाहतात, पाकिटावर पेन्सिलीनं नंबर घालतात आणि हैदराबादच्या पियुष नावाच्या व्यापाऱ्याला पाठवतात. खरखर नसली तर एक नंबर, थोडी असली तर दोन, फार असली तर तीन. बाकीचे लोक रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून ओरखडे बघतात. यांना ते पटत नाही. "डोया फसवते, माणिकराव. कान नाई फसवत." हे मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. पण खोटं कशाला बोलू? यांनी एक नंबर दिला की पियुष न वाजवता पुढे विकायचा. त्या नंबरावर या माणसाचं घर चालायचं आणि मानही ताठ राहायची.

आज मोबाईलवर पियुषचा निरोप होता. "अंकल, मुधोलवाला पूरा माल आवाज कर रहा है. एक नंबर कैसे लिख दिया?"

भगवंतरावांनी खोक्यातली एक रेकॉर्ड मशीनवर ठेवली, सुई टेकवली. गाणं सुरू झालं आणि त्याच्यासोबत तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा आवाज. गयाबाई, म्हणजे त्यांची बायको, मागच्या खोलीतून हात पुसत आल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली घातली.

"पाय, कसी साफ हाय!" भगवंतराव म्हणाले. "त्या पोट्ट्याची सुईच खराब असन."

"खरखर करून राह्यली जी," गयाबाई हळूच म्हणाल्या.

"काय?"

"खरखर करते म्हनलं!"

"तुले काय समजते त्यातलं? जा, भाकरी टाक."

बाई गेल्या नाहीत. त्यांनी सुईची दांडी उचलली, बोटानं सुई पुसली आणि ते बोट नवऱ्यापुढे धरलं. टोक लाल झालं होतं.

"कुकू हाय हे. मुधोळचा तो मंडपवाला मारोतराव दर दसऱ्याले मशिनीची पूजा करते ना? रेकॉर्डीवर बी कुकू सोडत असन. वरून पुसून देल्लं, आत तसंच बसलं."

आमच्याकडे हे असंच. शिंप्याचं मशीन, न्हाव्याचा वस्तरा, मंडपवाल्याचा भोंगा, दसऱ्याला सगळ्यांना कुंकू लागतं. माझ्या मशीनला मी लावतोच की! बिचाऱ्या मारोतरावानं वर्षानुवर्षं भक्तीनं चिमूट चिमूट वाहिलं आणि ते रेघांत जाऊन बसलं. देवाधर्मानंच माल नासला, आता बोल कोणाला लावायचा?

भगवंतराव त्या बोटाकडे बघत राहिले. सुईला कुंकू लागलं म्हणजे आवाज येणारच. बायकोला येतो, शिंप्याला येतो, हैदराबादला येतो. फक्त यांना येत नाही.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

"मागल्या दिवायीपासून. बोलनं आयकू येते, पन बारीक आवाज नाई येत. कुकरची शिट्टी बी येत नाई तुमाले."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"सांगून कान वापस आले असते का?" गयाबाईंनी बोट पदराला पुसलं.

उमेदीत हा माणूस मांडवात भोंगा वाजवायचा. कोणी चोरून नेऊ नये म्हणून त्याच्या तोंडाशीच बसायचा, तिथंच जेवायचा. ज्यानं पोट भरलं त्यानंच कान खाल्ले. मला भयंकर राग आला. कोणाचा, ते अजून कळलेलं नाही.

तेवढ्यात दारात एक बाई आली. बगलेत कापडी पिशवी.

"मी राहीबाई. बोथहून आली. माया धन्याच्या रेकॉर्डी हायेत. ते गेले पोळ्याच्या आदल्या दिवशी. भंगारवाला किलोनं मांगते जी. इतक्या जपल्या त्यायनं, किलोनं कशा देऊ? तुमी खरा नंबर देता म्हन्तात सारे."

भगवंतरावांनी हात पुढे केला. सवयच ती! वरची रेकॉर्ड काढली, सुई पुसली, टेकवली. आणि काय सांगू, आवाज असा निर्मळ की मी दाराला टेकून उभा राहिलो. कुठं किरकिर म्हणून नाही. भगवंतराव मात्र फिरत्या रेकॉर्डीकडे नुसते बघत होते.

"साफ हाय जी. एकदम साफ," गयाबाई त्यांच्या कानाशी म्हणाल्या.

"तुया कानानं मी नंबर देऊ? मंग तो माया नंबर कायचा?"

त्यांनी सुई उचलली, रेकॉर्ड पाकिटात घातली, पाकीट पिशवीत ठेवलं आणि पिशवी दोन्ही हातांनी राहीबाईपुढे धरली.

"बाई, मले आयकू येत नाई. मी नंबर नाई देऊ शकत."

राहीबाईचा चेहरा उतरला. "असं नका करू जी. आतापर्यंत तर मायं बोलनं बराबर आयकलं तुमी! दोन नंबर द्या. बरं, तीन द्या. पन घ्या."

"खरंच सांगून राह्यलो. कान गेले माये."

"खरं हाय, बाई," मी मध्ये तोंड घातलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळलो. शेजारचा दुकानदार दुकानदाराचीच री ओढणार, दुसरं काय!

तिनं पिशवीला गाठ मारली. उंबऱ्याशी जाऊन थांबली आणि पाठमोरीच, खालच्या आवाजात म्हणाली, "धनी म्हनत जाय, आदिलाबादचा तो मानूस खोटं नाई बोलत. माल नाई आवडला तर तसं सांगावं ना. बयरा झालो म्हन्ते."

मग ती पायऱ्या उतरून स्टँडकडे चालू लागली.

"काय म्हनली?" भगवंतरावांनी विचारलं.

गयाबाई लगबगीनं मागच्या खोलीत निघून गेल्या. उरलो मी.

"काई नाई," मी मोठ्यानं सांगितलं. "येते म्हनली."