वरची दोन अंजिरं

सामानाचा टेम्पो रिकामा झाला, की वजनमापे निरीक्षक साहेब सगळ्यांत आधी एकच खोकं उघडत. त्यात मखमलीत झोपवलेला पितळी तराजू असे. गादी नंतर, गॅस नंतर, बायकोचं गुडघ्याचं तेल तर तिसऱ्या दिवशी. हे अकरावं शहर होतं, तिसरा मजला होता, आणि लिफ्टच्या जागेत घरमालकाने सायकली लावल्या होत्या. बाई पालथ्या बादलीवर बसून तराजू टेबलावर विराजमान होताना पाहत राहिल्या. त्यांना आता रागही येत नव्हता. रागालासुद्धा अंगात थोडा जोर लागतो.

साहेब नाकासमोर चालणारे. त्याचा त्रास साहेबांना कधी झाला नाही, तो सगळा बाईंच्या वाट्याला आला, आणि तोही भाजीबाजारात. कुठल्याही गावात आठवडा उलटायच्या आत बातमी फुटे, की ही त्या वजनमापेवाल्याची बायको. मग त्या दिसल्या रे दिसल्या, की अख्खा बाजार सावधान! पारडी पुसली जात, किलो म्हणजे किलो होई, एक शेंग इकडे नाही की तिकडे नाही. "वांगी कशी आहेत?" विचारलं, की "सगळंच चांगलं आहे, मॅडम." कोथिंबिरीची एक काडी कुणी वर घातली नाही. न जाणो, लाच ठरायची. दहा शहरांत बाईंना कुणी फसवलं नाही, आणि दहा शहरांत त्यांच्याशी कुणी धड बोललंही नाही.

म्हणून अकराव्या शहरात त्यांनी ठरवलं, नवऱ्याच्या नोकरीचं नावच काढायचं नाही.

चौकाच्या कोपऱ्यावर चार टोपल्या मांडून एक अंजीरवाली बसे. पहिल्याच दिवशी तिने बाईंना वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"नव्या दिसता, ताई. मालक काय करतात?"

"नोकरी."

"कसली?"

"कंटाळवाणी," बाई म्हणाल्या. यात खोटं काहीच नव्हतं.

"काकड्यांना हात लावू नका, त्यांचे दिवस संपले, कडू निघतात. अंजिरं घ्या. आजच उतरलीत. ही मऊ आज खा, ती कडक परवा. आणि पलीकडच्याकडं जाऊ नका, पाणी मारून ताजी करतो मेला. मी सांगितलं म्हणून सांगू नका."

बाईंच्या लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती, आणि एका भाजीवालीने दुसऱ्याची चहाडी त्यांच्यापाशी पहिल्यांदाच केली होती. अंजीरवालीने किलोभर अंजिरं जोखली, पिशवीत ओतली आणि हाताने आणखी दोन वर ठेवली. "ही वरची. जिन्यात खा. घरी गेल्यावर घरचे खातील."

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बाईंचे गुडघे नेहमी संप पुकारत. तिथे कठड्याला टेकून त्यांनी एक अंजीर खाल्लं. खाली बुडाशी मधासारखा एक थेंब आलेला, साल नावापुरतीच, आणि आतल्या बिया दाताखाली कुरकुर वाजणाऱ्या. दुसरं त्यांनी घरी नेलं. साहेबांचा तेवढा संसार त्यांनी केला होता.

असे नऊ दिवस गेले. घरात अजून अर्धी खोकी बंद होती, नळाला पाणी सकाळी पाऊण तास, कंबर सरळ व्हायला दुपार उजाडे. पण रोज कुणीतरी ताई म्हणत होतं. "नाशपाती यायला तीन आठवडे आहेत, तेव्हा बघा," असं अंजीरवाली म्हणाली, तेव्हा बाईंना जिना चढताना एकदम जाणवलं, की तीन आठवड्यांनी या शहरात आपली कुणीतरी वाट बघणार आहे.

दहाव्या दिवशी, सोमवारी, साहेब घरी होते. त्यांनी दारातच पिशवी हातात घेतली आणि थबकले. साहेबांचा हात म्हणजे सरकारी काटा. त्या दिवशी बाईंनी जिन्यात काही खाल्लंही नव्हतं. साहेबांनी निमूटपणे अंजिरं पितळी पारड्यात ओतली.

"नऊशे साठ."

"वरची दोन धरून?" बाईंच्या तोंडून निसटलं.

"वरची म्हणजे? कुठून आणलीस?"

"चौकातून. अहो, चाळीस ग्रॅम म्हणजे काय हो? एक अंजीर!"

"गुरुवारी चौक तपासतो," साहेब म्हणाले. लोक रविवारी केस कापून येतो म्हणतात, त्याच आवाजात.

बाई सिंकपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पुढचं त्यांना पाठ होतं. काटा जप्त होणार, बाजाराला नाव कळणार, आणि शुक्रवारी "सगळंच चांगलं आहे, मॅडम." बरं, आधी जाऊन सांगावं, तर सांगणाऱ्याला हे कुठून कळलं, ते आपसूक उघडं पडणार. ताईची मॅडम दोन्हीकडून होणारच होती. त्यांनी रात्रभर विचार केला असता, पण त्या दमलेल्या होत्या, झोपल्या.

मंगळवारी सकाळी त्या टोपल्यांसमोर टेकल्या.

"ऐक गं. गुरुवारी तपासणी आहे. काटा सरळ करून ठेव."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी त्या तपासणीशी लग्न केलंय."

अंजीरवाली दचकली नाही. तिने एक पिकलेलं अंजीर वेगळं काढलं, एक आत सारलं. "ते ठाऊक आहे हो. तुमचा टेम्पो आला तेव्हाच कळलं. बाजारात साहेबाच्या आधी साहेबाच्या चपलेचा नंबर पोचतो."

"मग नोकरी कसली म्हणून विचारलंस ते?"

"तुम्ही काय सांगता ते बघत होते. कंटाळवाणी म्हणालात. पटलं मला."

"आणि सगळं माहीत असून मला कमी दिलंस?" बाईंचा आवाज चढला.

"आता बघा, काटा एकशेवीस खातो. मी हाताने दोन परत घालते. सगळ्यांनाच तसं. तुम्हाला वेगळं कशाला?"

बत्तीस वर्षांत बाईंना बाजारात असा मान कुणी दिला नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी साहेब आले आणि बुटांची नाडी सोडत बराच वेळ वाकून बसले.

"चौकातल्या त्या बाईचा काटा बरोबर निघाला."

"हो का?"

"अगदी बरोबर. इतका बरोबर काटा मी सगळ्या नोकरीत पाहिला नाही." त्यांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. बाई लसूण सोलत होत्या. त्या सोलतच राहिल्या. साहेबांची नजर मग टेबलावरच्या पितळी तराजूकडे गेली. नोकरीचे सहा महिने उरले होते.

"हाच बिघडला असेल," ते हळूच म्हणाले. "बत्तीस वर्षं झाली. थकतो माणूस."

"काटा थकतो," बाईंनी दुरुस्ती केली.

"तोही."

त्यांनी तराजू पुसला, मखमलीत ठेवला आणि झाकण लावलं.

शुक्रवारी बाई चौकात गेल्या. अंजीरवालीने टोपलीखालून मेणाचा गोळा लावलेला एक खडा काढला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मालाच्या पारड्याच्या बुडाला दाबून बसवला. मग पदराला हात पुसले.

"किती देऊ, ताई?"

"किलो," बाई म्हणाल्या. "आणि वरची मऊ बघून घाल."

तिने मऊच घातली. बाईंनी पिशवी उचलली. चाळीस ग्रॅमने हलकी होती. तीन मजले चढायचे होते. गुडघ्यांना तेवढीच सवलत.