केळ्याचे पणजोबा

बंद पडलेल्या त्या सिनेमागृहात सकाळी नऊपासूनच पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर पांढऱ्या कोटातले धागेसाहेब एकेकाच्या गुळणीचं पाणी दोन ग्लासांत वाटून घेत. पहिल्यात 'शुद्धीजल' घालून चमच्याने खळखळ ढवळत, मग वरून गार अर्क सोडत. पांढरे तुकडे तरंगू लागले की सभागृह हळहळे.

"बघा, हा तुमच्या वंशाचा धागा! पार चिंध्या झाल्यात!"

मग डोळे मिटून पुटपुटत तेच दोन्ही दुसऱ्या ग्लासात हळूच सोडत, आणि त्यातून लांबच लांब, अखंड धागा वर येई. टाळ्यांचा कडकडाट.

गर्दीत दादा उभा होता. पंपांच्या जळलेल्या मोटारी रिवाइंड करणारा, त्यांची तार नव्याने गुंडाळणारा कारागीर. शेजारी त्याची नऊ वर्षांची लेक, आणि तिची आत्या. आत्या इस्पितळात रक्त तपासायची. पोरीच्या पेशींमधली मोडतोड जन्मापासूनच नीट दुरुस्त होत नव्हती. कर्करोगाची टांगती तलवार, म्हणून दर महिन्याला रक्ततपासणी. पण "सुई टोचाल तर धागा तुटेल," असं मागच्या खेपेला साहेबांनी बजावलं आणि दादाने दोन तपासण्या चुकवल्या.

"नंबर आला की मध्ये तोंड घालू नकोस," दादा बहिणीला म्हणाला.

"नाही घालत. गुळणीचं पाणी तेवढं मी नेऊन देते."

नंबर आला. ढवळून झालं, तुकडे तरंगले, साहेबांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"मुलीच्या पणजोबांचं पाप आहे हे!"

"कोणाच्या पणजोबांचं? साहेब, हे केळ्याचं पाणी आहे. कुस्करून, गाळून आणलंय," आत्या मंचावरूनच म्हणाली.

मागून आवाज आला, "केळ्याचे पणजोबा काय करायचे हो?"

हशा पिकला. आत्याने शुद्धीजल बोटांवर चोळलं, फेस आला.

"साबण आणि मीठ. पेशी फोडायला. अर्क म्हणजे स्पिरिट. धागा खरा आहे, डीएनए म्हणतात त्याला, तो केळ्यातही असतो. जोरात ढवळलं की तुकडे, अलगद हाताळलं की लांब." तिने दुसऱ्या ग्लासात शुद्धीजल आणि अर्क कडेकडेने ओतले. लांब धागा वर आला. "चमत्कार चमच्यात आहे."

काही लोक उठून गेले. त्यांच्या खुर्च्या मागच्यांनी लगेच धरल्या.

बाहेर पायरीवर दादाने विचारलं, "मग हिचं खरं काय बिघडलंय?"

"कॉइलच्या आत तार तुटली तर तू काय करतोस?"

"वेढे सोडतो. त्याशिवाय हात कसा पोहोचणार?"

"पेशीतला धागाही प्रथिनांवर करकचून गुंडाळलेला असतो. काही प्रथिनं वेढे सैल करतात, तेव्हा दुरुस्ती करणारी आत शिरतात. हिचं वेढे सोडणारं एक प्रथिन बिघडलंय. दुरुस्तीवाले दारातच ताटकळतात."

"मग बदला ना ते!"

"अजून कोणालाच जमलेलं नाही, दादा."

"तपासणीने बरी होईल?"

"नाही. काही उगवलंच तर लवकर कळेल. तेवढंच."

"तो निदान जोडून तरी दाखवत होता गं."

आत पुन्हा टाळ्या वाजल्या.

"दादा, मला जे येत नाही ते येत नाही, असं मी तोंडावर सांगते," आत्या म्हणाली. "त्याला कधी 'माहीत नाही' म्हणताना ऐकलंस? ज्याच्यापाशी प्रत्येक दुखण्याला उत्तर आहे, त्याला आधी प्रश्न विचार. मगच मूल त्याच्या हाती दे. आणि उद्या हिला रक्त तपासायला घेऊन ये."



"आत्या, उद्या कुठल्या हाताला टोचणार?" पोरीने विचारलं.

"डाव्या."

दादा खाली बसला आणि तिची डावी बाही आत्ताच दुमडू लागला.