कागदाआडचे पन्नास दिवस

मी एक जुना लाकडी देव्हारा आहे, मित्रांनो, पण तुमच्या घरातल्यासारखा नव्हे. माझ्यात मूर्ती नाही. एक गोल आरसा आहे आणि देवळातून आणलेली, कागदात गुंडाळलेली, देवाच्या नावाची एक पट्टी आहे. जपानी लोक देवाला कामी म्हणतात. कामी डोंगरात असतो, झाडात असतो, आणि मनापासून बोलावलं तर माझ्यासारख्याकडेही येऊन राहतो. आमच्यात सूर्य ही देवी आहे. एकदा ती रुसून गुहेत जाऊन बसली आणि सगळीकडे अंधार झाला. बाकीच्या देवांनी बाहेर नाचगाणं मांडलं, आरसा पुढे धरला, तेव्हा कुठे ती बाहेर आली. म्हणून माझ्यातही आरसा ठेवतात.

जपानमधल्या एका सुताराने मला सुवासिक लाकडातून घडवलं. तेत्सुओ आणि सायोको हे नवराबायको मला घेऊन कॅलिफोर्नियात आले. तेत्सुओ चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये त्याने मला डोक्यापेक्षा उंच फळीवर बसवलं. रोज सकाळी तो तांदूळ, मीठ आणि पाणी ठेवायचा, दोनदा वाकायचा, दोन टाळ्या वाजवायचा आणि पुन्हा एकदा वाकायचा. पन्नास वर्षांत एक दिवस चुकला नाही. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, थोडा माजही चढला होता.

गेल्या हिवाळ्यात तेत्सुओ गेला.

सिएटलहून मुलगा आला. पन्नास दिवसांनी आईला घेऊन जाईन, म्हणाला. माझ्याकडे नुसती हनुवटी उडवून त्याने विचारलं, "आणि ह्याचं काय? माझ्याकडे जागा नाही." दुसऱ्या दिवशी तो परत गेला. ज्या देव्हाऱ्याला कुणी वाली नाही, तो देवळात नेऊन विधिपूर्वक जाळतात. मान असला तरी आग ती आगच. मी घाबरलो होतो.

घरात मृत्यू झाला की आमच्यात पन्नास दिवस देव्हाऱ्याच्या तोंडावर पांढरा कागद चिकटवतात. शक्यतो तो घरच्यांनी लावायचा नसतो. म्हणून सायोकोने शेजारच्या रत्नाला बोलावलं. रत्ना नागपूरची. सोबत तिची मुलगी उर्वी आली.

"आई, डू वी इव्हन नो हाऊ?" उर्वीने विचारलं.

"न कळायला काय झालं? सुतक आहे ते," रत्ना म्हणाली, आणि स्टुलावर चढून तिने कागद अगदी सरळ लावला.

घोळ झाला तो पुढे. रत्नाच्या माहेरी सुतकात घरचे देवाला शिवत नाहीत, पण देव उपाशी राहू नयेत म्हणून शेजारचं कुणीतरी येऊन पूजा करून जातं. आमच्यात पूजा बंद म्हणजे बंद. हे रत्नाला सांगणार कोण? तिच्याकडे सायोकोच्या घराची चावी होती. सायोको उशिरापर्यंत पडून असायची. रत्ना तिच्यासाठी गरम वरणभात ठेवायची, आणि जाण्याआधी माझ्यापुढे तांदूळ आणि पाणी मांडून हात जोडायची. मीठ विसरायची. टाळ्या तर तिला माहीतच नव्हत्या. मग कामाला निघताना परत येऊन सगळं आवरून जायची, म्हणून सायोकोला पत्ता नव्हता. सुरुवातीला मी आतल्या आत जळफळत होतो. मग कधीतरी मी तिच्या चपलांच्या आवाजाची वाट पाहू लागलो.

चाळिसाव्या दिवशी सायोको लवकर उठली. फळीवर ताजं पाणी पाहून ती पांढरीफटक पडली.

"हे तू करतेस? रोज?"

"हो काकू. आमच्याकडे असंच करतात. मला वाटलं..."

"चावी ठेव आणि जा."

रत्ना डोळे पुसत गेली. मग दहा दिवस कुणीच आलं नाही. रीत अगदी बरोबर पाळली जात होती, आणि मला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं.

पन्नासावा दिवस उजाडला. मुलगा खोके भरत होता. सायोको शेजारी गेली आणि रत्नाला हाताला धरून घेऊन आली.

"कागद तू काढ."

"नको काकू. माझ्याकडून परत काहीतरी चुकेल."

"चुकेलच," सायोको म्हणाली. "चाळीस दिवस तू रोज येऊन चुकत होतीस. माझ्या मुलाची एकही चूक झाली नाही, कारण मधल्या दिवसांत तो एकदाही फिरकला नाही. हा देव्हारा तू घेऊन जा."

मुलाच्या हातातली चिकटपट्टी तशीच राहिली. रत्नाने कागद हलक्या हाताने सोडवला. इतक्या दिवसांनी समोर उजेड दिसला, आणि उजेडात दोघी रडत होत्या.

आता मी रत्नाच्या घरी, तिच्या गणपतीच्या शेजारी असतो. ती मीठ अजूनही विसरते. मित्रांनो, घरातली एखादी जुनी वस्तू असो की जुनं माणूस, आपल्याला रीत येत नाही म्हणून त्याच्यापासून लांब राहू नका. आम्हाला चुका चालतात. तुम्ही येत जा.